लहानपणचा बाप्तिस्मा झालेला असताना लग्नाआधी पुन्हा पाण्यात उतरावं का?

जंक्शनवाली (भुसावळ)

सलाम मंडळी. एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवर असते. आज जरा वेगळा विषय आहे, सांभाळून घ्या.

आम्ही भुसावळचे, आजोबा रेल्वेत होते, घर सीएनआयचं (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). माझा बाप्तिस्मा मी तान्ही असताना झाला. पाळकांनी डोक्यावर पाणी घातलं, वचनं आईबाबांनी दिली. पुढे शाळेत असताना दृढीकरण झालं, म्हणजे आईबाबांनी दिलेली वचनं मी स्वतः मंडळीपुढे घेतली, आणि तेव्हापासून प्रभुभोजन (भाकर-द्राक्षरसाचा विधी) घेते. आता लग्न ठरलंय. मुलगा नवापूर तालुक्यातला, शिक्षक. त्यांच्या मंडळीत फक्त मोठ्यांचा बाप्तिस्मा होतो, तोही बुडवून. माणसं मनाने फार चांगली आहेत. पण तिथले पास्टर म्हणाले, लग्नाला आमची हरकत नाही, मंडळीचं सभासद व्हायचं असेल तर मात्र पाण्यात उतरावं लागेल. लहानपणी झाला तो बाप्तिस्मा आम्ही धरत नाही.

बाबा म्हणतात, उतर की, पाणीच तर आहे. आई तेव्हापासून गप्प गप्प असते. एकदाच बोलली: "मग मी तुला घेऊन पुढे उभी राहिले, ते काय नाटक होतं?"

याचं मला उत्तर देता येत नाही. शास्त्र काय म्हणतं, जुन्या काळी काय करायचे, आणि आपल्याकडे असं दोन मंडळ्यांमधलं लग्न झालेल्यांनी काय केलं, ते सांगाल का? कोणाच्या पंथाला नावं ठेवू नका, प्लीज.

रंगावली_काठ (नवापूर)

ताई, सलाम. मी तुमच्या होणाऱ्या सासरच्याच बाजूचा आहे, तेव्हा आधी आमच्याकडचं सांगतो.

आमच्याकडे मोठेपणीच बाप्तिस्मा का, हे कळायला आमचे आजे डोळ्यांपुढे आणा. गेल्या शतकाच्या सुरुवातीला या भागात स्कँडिनेव्हियन मिशनरी आले. त्यांच्याकडून ज्यांनी वचन ऐकलं ती सगळी मोठी, संसारी माणसं होती. भगताकडे जाणं सोडायचं, दारू सोडायची, कोंबडं-बकरं देणं सोडायचं. आदिवासी पाड्यात हे सोडणं म्हणजे भाऊबंदांशी वाकडं घेणं. असा माणूस नदीत उतरायचा तेव्हा काठावर अख्खा पाडा उभा असायचा, ज्यांना पटलेलं नाही तेसुद्धा. त्या दिवसानंतर त्याला कोणी बाटली पुढे केली तर तो सांगू शकायचा, तुम्ही बघत होतात ना, त्या दिवशी मी मेलो. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल हेच सांगतो. पाण्याखाली जाणं म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं आणि वर येणं म्हणजे त्याच्याबरोबर उठणं. आमच्या आज्यांना हे समजावून सांगावं लागलं नाही, त्यांनी ते घरात भोगलं होतं.

आता आजची पद्धत. नाव दिलं की लगेच पाण्यात, असं होत नाही. आधी काही आठवडे वर्ग चालतो. मग पंच, म्हणजे मंडळीतले वडीलधारे, समोर बसवून विचारतात: का घ्यायचाय? कोणी भरीला घातलं का? लग्न जमवायला घेतोयस का? (हो ताई, हा प्रश्न हमखास असतो, तयारीत राहा.) घरात दारू, कोणाशी जुनं भांडण, कोणाचं देणं बुडवलेलं, यावरही बोलणं होतं. एखाद्याला "पुढच्या वर्षी ये" असंही सांगतात.

दिवस बहुतेक नाताळानंतरचा. ऊसतोडीला गुजरातेत गेलेली पोरं तेव्हा घरी आलेली असतात आणि नदीला पाणीही असतं. पहाटेची थंडी अशी की दात वाजतात. पास्टर आणि एक पंच कमरेइतक्या पाण्यात उभे राहतात. काठावर गाणी चालू, मराठीत आणि मावचीत, म्हणजे आमच्या आदिवासी बोलीत. उतरणाऱ्याला सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारतात, येशू ख्रिस्त तुझा तारणारा आहे असा तुझा विश्वास आहे का? तो हो म्हणतो. मग पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने त्याला मागच्या बाजूला पूर्ण बुडवून उभं करतात. बाया साडीला जागोजागी पिना लावून येतात, बाहेर पडल्या पडल्या अंगावर टाकायला चादर घेऊन नणंद नाहीतर बहीण उभी असते. त्याच दिवशी प्रभुभोजन, आणि मग पंगत.

आणि लहान लेकरांना आम्ही वाऱ्यावर सोडत नाही बरं. बाळाला मंडळीपुढे आणतात, पास्टर हात ठेवून प्रार्थना करतात, आईबाप त्याला देवाच्या वाटेने वाढवायचं वचन देतात. त्याला आम्ही अर्पण म्हणतो, फक्त पाणी नसतं. त्यामुळे तुमच्या आईने जे केलं ते आमच्या नजरेत नाटक मुळीच नाही, तुमचं अर्पण आहे ते. पास्टरांनी हे एवढं नीट सांगायला हवं होतं.

भो_शे_का (धरणगाव)

बठ्ठं खरं शे भो, पन मार्च-एप्रिलमा पानी कोठे शे? आम्हनी गिरणामा तवय नुस्ती रेती.

रंगावली_काठ

😄 म्हणून तर नाताळानंतर. जळगाव-भुसावळकडे बऱ्याच मंडळ्यांनी व्यासपीठाखाली हौद बांधलाय, फळ्या उचलल्या की झालं. चोपड्याकडे शेततळ्यात झालेला बाप्तिस्मा मी स्वतः पाहिलाय. त्या प्लास्टिकवरून पास्टरच घसरले होते.

निवृत्त_पाळक (धुळे)

जंक्शनवाली, बेटा, तुझ्या आईचा प्रश्न शास्त्राच्या दृष्टीनेही बरोबर जागी बोट ठेवणारा आहे. बाप्तिस्म्यात काम कोण करतं, माणूस की देव? सगळा वाद इथून सुरू होतो. पाणी किती हा मुद्दा त्यामानाने किरकोळ.

पाण्याचं आधी उरकतो, कारण धरणगावकरांची अडचण फार जुनी आहे. 'दिदाखे' नावाची पहिल्या-दुसऱ्या शतकातली मंडळीची एक छोटी नियमावली आहे. तीत सांगितलंय की बाप्तिस्मा वाहत्या पाण्यात द्या. वाहतं नसेल तर दुसरं कोणतंही चालेल, थंड नसेल तर कोमट घ्या, आणि तेवढंही नसेल तर डोक्यावर तीन वेळा पाणी ओता. देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने आधी उपास करावा असंही आहे. म्हणजे बुडवणं पसंतीचं होतं, पण पाण्याअभावी कोणाला परत पाठवत नव्हते. शिंपडणाऱ्यांनी आणि बुडवणाऱ्यांनी दोघांनीही हे पान वाचावं.

आता लेकरांचं. प्रेषितांच्या कृत्यांत 'बाळाला बाप्तिस्मा दिला' असं वाक्य कुठेही नाही, हे मी आधीच कबूल करतो. पण लुदिया आणि तिच्या घरचे, फिलिप्पैचा तुरुंगाधिकारी आणि त्याच्या घरचे सगळे, असे उल्लेख सोळाव्या अध्यायात आहेत. त्या काळच्या घरात लेकरं नसतील असं मानणं कठीण, आणि होतीच असं सिद्ध करणंही कठीण. पुढे इ.स. २०० च्या सुमारास तेर्तुल्यन हा ख्रिस्ती लेखक लिहितो की लेकरांना घाई करू नका, मोठी झाली, कळायला लागलं की द्या. त्याने विरोध केला याचाच अर्थ लोक देत होते. त्यानंतर पन्नासेक वर्षांनी कार्थेजचा सिप्रियन आणि त्याच्याबरोबरचे बिशप म्हणतात, आठव्या दिवसापर्यंतसुद्धा थांबायची गरज नाही. दोन्ही मतं तेव्हापासूनची आहेत. कोणी कोणाला 'बायबल सोडलेले' म्हणू नये.

आम्ही लेकरांना बाप्तिस्मा देतो ते देवाची कृपा माणसाच्या समजेच्या आधी येते म्हणून. आपल्याकडचा दाखला देतो. वारसनोंद होते तेव्हा पोर पाळण्यात असतं, त्याला सातबारा म्हणजे काय तेही ठाऊक नसतं. तरी नाव लागतं, आणि ते खरंच लागतं. पुढे त्याने जमीन कसली नाही तर पडीक राहील हेही तितकंच खरं. म्हणून दृढीकरण असतं. तिथे तू स्वतःच्या तोंडाने हो म्हणालीस. आईने तुझ्या वतीने दिलेलं वचन तू त्या दिवशी आपलं केलंस.

आमच्या बाजूचं दुखणंही सांगतो, लपवण्यात अर्थ नाही. पाळण्यात बाप्तिस्मा, नववी-दहावीत दृढीकरण, आणि त्यानंतर थेट लग्नात दर्शन, अशी कितीतरी नावं आमच्या नोंदवहीत आहेत. बुडवणाऱ्या मंडळ्यांनी आम्हाला यावरून टोचलं तर ते टोचणं बरोबर आहे. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर स्वतः बालबाप्तिस्म्याचा कट्टर पाठीराखा, पण १५२९ च्या लहान प्रश्नोत्तरीत तोच लिहितो की पाण्याचा अर्थ म्हणजे आपल्यातला जुना माणूस रोजच्या पश्चात्तापाने बुडायला हवा. रोजच्या!

आता 'पुन्हा' या शब्दाबद्दल. निकेयाचा मतांगीकार, म्हणजे विश्वासाची जुनी कबुली, आपण म्हणतो त्यात पापांच्या क्षमेसाठी 'एकच बाप्तिस्मा' आहे. इफिसकरांस पत्रातही एकच प्रभू, एकच विश्वास, एकच बाप्तिस्मा. चौथ्या-पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेत दोनातिस्त मंडळी दुसऱ्यांकडून आलेल्यांना पुन्हा बाप्तिस्मा देत, तेव्हा बिशप ऑगस्टीनने त्यांच्याशी वाद घातला तो याच मुद्द्यावर: बाप्तिस्मा ख्रिस्ताचा आहे, देणारा माणूस कसा का असेना. १९८२ साली पेरूच्या लिमा शहरात जगभरातल्या मंडळ्यांच्या धर्मशास्त्र्यांनी बाप्तिस्मा, प्रभुभोजन आणि सेवा यांवर एक मसुदा मान्य केला. त्यातही म्हटलंय की पुन्हा बाप्तिस्मा वाटेल अशी कोणतीही प्रथा टाळावी. आणि आपली सीएनआय? २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा मंडळ्या एक झाल्या, त्यांत अँग्लिकन होते तसे बाप्टिस्टही होते आणि तीन वेळा बुडवणारे ब्रेदरनही होते. बालबाप्तिस्मा आणि विश्वास ठेवलेल्यांचा बाप्तिस्मा, दोन्ही पद्धती आपल्या घटनेने शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. म्हणजे हा प्रश्न आपल्याच घरात होता आणि एकमेकांना न हाकलता सोडवला गेला.

शेततळं (चोपडा)

पाळकसाहेब, आदर ठेवून विरोध करतो.

एक, मार्क १६:१६, जो विश्वास धरतो आणि बाप्तिस्मा घेतो. क्रम बघा. पेन्तेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तेव्हा, पेत्रही तेच सांगतो, पश्चात्ताप करा आणि बाप्तिस्मा घ्या. पाळण्यातलं बाळ कसला पश्चात्ताप करणार?

दोन, कृत्ये १९. इफिसात पौलाला काही शिष्य भेटतात. त्यांचा बाप्तिस्मा आधी झालेला असतो, तरी पौल त्यांना येशूच्या नावाने पुन्हा देतो. मग 'पुन्हा' हे पाप कसं?

तीन, तुम्ही ऑगस्टीनचं नाव घेतलंत. त्याची आई मोनिका एवढी भक्त बाई, तरी त्याचा बाप्तिस्मा झाला तो मोठेपणी, ३८७ साली मिलानमध्ये, ईस्टरच्या वेळी. मग त्याच्या आईने काय कमी केलं म्हणायचं?

मी स्वतः विशीत आलो. घरात कोणी ख्रिस्ती नाही. माझ्यासाठी ते पाणी म्हणजे सगळं आहे. ज्यांना ते न मागता मिळतं त्यांना त्याची किंमत कळत नाही, असं मला अजूनही वाटतं.

निवृत्त_पाळक

भाऊ, तिन्ही मुद्दे चांगले.

इफिसच्या शिष्यांचा आधी झालेला बाप्तिस्मा योहानाचा होता, ख्रिस्ताच्या नावाचा नव्हे. पवित्र आत्मा आहे हेसुद्धा त्यांनी ऐकलं नव्हतं. त्यामुळे तो दुसरा ख्रिस्ती बाप्तिस्मा नाही, पहिलाच आहे. ऑगस्टीनचं म्हणाल तर त्या काळी बाप्तिस्मा पुढे ढकलायची रीतच पडली होती, कारण नंतर पाप घडलं तर काय ही भीती. सम्राट कॉन्स्टंटाइनने तर ३३७ मध्ये मरणाच्या दारात घेतला. यावरून 'लांबवा' असा धडा तुम्हीही घेणार नाही.

पश्चात्तापाच्या क्रमावर मात्र तुमचं पारडं जड आहे. बाहेरून नव्याने येणाऱ्याला आम्हीही आधी शिकवतो, मगच देतो. मतभेद फक्त विश्वासणाऱ्यांच्या लेकरांपुरता उरतो. तुमच्या साक्षीला माझा सलाम.

साक्री_रोड (धुळे)

मी कॅथलिक. आमच्याकडे याचा निकाल फार आधी लागलाय. पाणी वापरलं, पिता-पुत्र-पवित्र आत्म्याच्या नावाने दिला, आणि देणाऱ्याचा हेतू ख्रिस्तसभेला अभिप्रेत आहे तोच होता, की तो बाप्तिस्मा ग्राह्य. मग तो सीएनआयत झालेला असो की नदीत. आमच्याकडे यायचं असेल तर पुन्हा पाणी घालत नाहीत, विश्वासाची कबुली घेतात. झाला होता की नाही याचीच खरी शंका असेल, तर "तुझा बाप्तिस्मा झालेला नसल्यास" असं म्हणून अटीसह देतात.

आणि जीव धोक्यात असेल तर कोणीही देऊ शकतं. फादर लागत नाहीत, देणारी व्यक्ती ख्रिस्ती असण्याचीही अट नाही, हेतू नीट हवा. माझी आत्या परिचारिका होती. दिवस भरायच्या आधी जन्मलेलं बाळ जगेल असं वाटत नव्हतं, तेव्हा आईच्या सांगण्यावरून तिने कापसाच्या बोळ्याने कपाळावर पाणी सोडून बाप्तिस्मा दिला. ते बाळ जगलं. पुढे चर्चमध्ये तेल, पांढरं वस्त्र, पास्काच्या (ईस्टरच्या) मेणबत्तीवरून पेटवलेली मेणबत्ती हे उरलेले विधी झाले, पाणी मात्र पुन्हा घातलं नाही. आत्याला धर्ममाता व्हायचा मान मिळाला. आता तो पोरगा पुण्यात नोकरीला आहे आणि ईस्टरलासुद्धा आत्याला फोन करत नाही ही गोष्ट वेगळी.

शेततळं दादा, मोठेपणी येणाऱ्यांसाठी आमच्याकडे महिनोन् महिने तयारी असते आणि बाप्तिस्मा पास्काच्या रात्री. अंधारात सुरुवात, नवा अग्नी, मेणबत्त्या. एकदा बघायला या.

केळीबाग (रावेर)

मी ख्रिस्ती नाही, पण धागा वाचून चांगलं वाटलं. एक शंका, राग मानू नका. बाप्तिस्मा झाला की माणूस सरकारदरबारीही ख्रिस्ती झाला असं होतं का? आणि नवापूरकडच्या आदिवासींच्या जातीच्या दाखल्याचं काय होतं?

दाखला_घर (नंदुरबार)

मी कोर्टाच्या कामात असतो, थोडक्यात सांगतो. अनुसूचित जमातीच्या यादीला धर्माची अट नाही. गावित, वसावे, पाडवी कोणीही ख्रिस्ती झाला तरी जमात तीच राहते. अनुसूचित जातींचं वेगळं आहे. १९५० च्या आदेशात फक्त हिंदू होते, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुद्दुचेरीच्या एका बाईंच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा बाप्तिस्मा आणि चर्चमधलं नियमित जाणं पाहून अनुसूचित जातीचा दाखला नाकारणं योग्य ठरवलं. कागदोपत्री धर्म बदलायला लोक राजपत्रात जाहिरात देतात. मंडळीच्या नोंदवहीतली नोंद ही निराळी गोष्ट.

संपादक

माहिती उपयोगाची आहे, पण इथून पुढे आरक्षण आणि डिलिस्टिंगची (धर्म बदललेल्या आदिवासींना यादीतून वगळण्याच्या मागणीची) गाडी या धाग्यावर आणू नका. खालचे दोन प्रतिसाद त्याच कारणाने काढले आहेत. धागा बाप्तिस्म्यावरच राहू द्या.

अमळनेरी_वाचक (अमळनेर)

आमच्या गावाला तत्त्वज्ञानाची जुनी खोड, त्यामुळे तोंड घालतो.

मराठीतली दोन मोठी माणसं या चर्चेत हवीत. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडात वाँटेजला झाला, आणि त्याच दिवशी त्यांच्या छोट्या मनोरमेचाही. आईने विचार करून, वाद घालून, स्वतःच्या बुद्धीने घेतला, लेकीला आईच्या निर्णयाने मिळाला. एकाच घरात, एकाच दिवशी, हे दोन्ही प्रकार. मनोरमा पुढे आईच्या खांद्याला खांदा लावून मुक्तिमिशनात राबली. म्हणजे न मागता मिळालेल्याची किंमत कळतच नाही, हे काही खरं नाही.

दुसरे कवी रेव्हरंड ना. वा. टिळक. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यापायी पत्नी लक्ष्मीबाईंची आणि त्यांची काही वर्षं ताटातूट झाली. एवढी किंमत मोजलेला माणूस बाप्तिस्म्याला हलकं कसं मानेल? तरी आयुष्याच्या शेवटी, १९१७ मध्ये, त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला तो बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही ख्रिस्तशिष्यांसाठी. मिशनची नोकरीही सोडली. मला वाटतं, इथली मंडळीत घेण्या-न घेण्याची भाषा त्यांना फार मानवली नसती.

शेततळं

टिळकांचं ठीक आहे, पण बाप्तिस्मा ही प्रभूची आज्ञा आहे, मत्तय २८. दरबार काढून आज्ञा रद्द होत नाही.

अमळनेरी_वाचक

रद्द कोण करतंय? त्यांनी स्वतः घेतलाच होता की. दारात पहारा कोणी बसवायचा एवढाच मुद्दा आहे. पौलसुद्धा करिंथकरांना लिहितो की मी तुमच्यापैकी क्रिस्प, गायस आणि स्तेफनाच्या घरच्यांशिवाय कोणाला बाप्तिस्मा दिला ते आठवतही नाही, कारण मला पाठवलं ते सुवार्ता सांगायला. आपापल्या बाप्तिस्म्यावरून गट पाडणाऱ्यांवर तो चिडला होता.

भो_शे_का

१५२५ ला झ्युरिकमा काय व्हयनं ते सांगा ना कोनी. मोठेपनी बाप्तिस्मा लिधा म्हनीसन मान्सं बुडाई मारात.

निवृत्त_पाळक

खरं आहे. जानेवारी १५२५ मध्ये झ्युरिकला काही जणांनी एकमेकांना मोठेपणी बाप्तिस्मा दिला. दोन वर्षांत, जानेवारी १५२७ ला, त्यांच्यातल्या फेलिक्स मांझला शहराच्या सत्ताधाऱ्यांनी लिम्मात नदीत बुडवून मारलं. मारणारेही सुधारणावादी ख्रिस्तीच. त्यामुळे बुडवणाऱ्या मंडळ्या हट्टी वाटल्या तरी त्या हट्टामागे रक्त आहे, हे आमच्यासारख्यांनी विसरू नये. आणि त्यांनीही प्रत्येक पाळण्यातल्या बाप्तिस्म्यात ती झ्युरिकची नगरपालिका पाहू नये.

गोमाईची_सून (शहादा)

मी उशिरा आले. जंक्शनवाली, माझं अगदी हेच झालं होतं. माहेर शिंपडणारं, सासर बुडवणारं. मी पुन्हा घेतला. खरं सांगू का, घेताना मनात सासूबाई होत्या, प्रभू नव्हता. पंचांनी विचारलं, कोणी भरीला घातलं का, मी नाही म्हटलं, आणि ते खोटं होतं. पाण्यातून वर आले तेव्हा सगळे रडत होते, मला मात्र थंडीच वाजत होती. विश्वास माझा आधीही होता, नंतरही आहे, त्या दिवसाशी त्याचा संबंध जुळत नाही.

माझ्या जावेचं उलट. तिचाही लहानपणी झालेला. मध्ये बरीच वर्षं तिने चर्चचं तोंड पाहिलं नव्हतं, मग आजारपणात वळली, आणि स्वतःहून म्हणाली मला पाण्यात उतरायचंय. तिला ते लाभलं. म्हणून मी 'घे' किंवा 'घेऊ नको' असं काही सांगत नाही. कोणासाठी घेतेयस तेवढं बघ.

रंगावली_काठ

वहिनी, हे पंचांपुढे वाचून दाखवलं पाहिजे.

जंक्शनवाली

सगळ्यांचे आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आईला हा धागा मोबाइलवर वाचून दाखवला. पाळकसाहेबांचं वारसनोंदीचं ऐकून तिने तीनदा "बघ" म्हटलं. रंगावली दादांचं अर्पणाचं ऐकल्यावर मात्र गप्प राहिली, आणि मग म्हणाली, त्यांच्या मनात वाईट नाही म्हणजे.

काल मी, मुलगा आणि तिथले पास्टर बोललो. इथे वाचलेलं सगळं त्यांच्यापुढे ठेवलं. मी म्हटलं, पास्टरसाहेब, तुम्ही पंचांपुढे विचारणार की मी स्वखुशीने घेतेय का. पाण्यात उतरायचं तर मला आधी असं म्हणावं लागेल की पहिला झालाच नव्हता. ते मला म्हणवत नाही. दृढीकरणाच्या दिवशी मी जे हो म्हटलं ते मनापासून होतं. ते बराच वेळ ऐकत होते. नियम बदलणं माझ्या हातात नाही म्हणाले, सभासदत्व आणि पंचायतीत मत या गोष्टी थांबतील. पण प्रभुभोजनाला त्यांच्याकडे कोणाही विश्वासणाऱ्याला मज्जाव नाही, आणि मंडळीपुढे मी माझी साक्ष द्यावी असं त्यांनीच सुचवलं. होणाऱ्या सासऱ्यांना हे फारसं रुचलेलं दिसत नाही, पण विरोधही केला नाही. मुलगा म्हणाला, पुढे कधी तुला वाटलं तर वाटलं.

तर आत्ता तरी उतरत नाहीये. पुढे लेकरं झाल्यावर हाच प्रश्न उलट बाजूने येणार, शिंपडायचं की अर्पण, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. त्यावर काल बोलायचं टाळलं.

शेततळं

ताई, माझं मत तुम्हाला माहीत आहे, ते बदललं नाही. पण तोंडावर खोटं बोलून पाण्यात उतरण्यापेक्षा हे हजार पटीने बरं. प्रार्थनेत आठवण ठेवतो.

साक्री_रोड

लेकरांचा धागा निघेल तेव्हा मलाही हाक मारा, पॉपकॉर्न घेऊन बसते.

निवृत्त_पाळक

बेटा, चांगलं केलंस. आता कागदाचं. लग्न ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ प्रमाणे होईल, त्याला दोघांची मंडळी एक असावी लागत नाही आणि बाप्तिस्मा कसा झाला हेही कायदा विचारत नाही. तरी तुझ्या मंडळीकडून बाप्तिस्म्याच्या आणि दृढीकरणाच्या नोंदीचा उतारा आत्ताच काढून घे. जुन्या नोंदवह्यांची पानं झिजलेली असतात, नावांची स्पेलिंग आधार कार्डाशी जुळत नाहीत आणि ऐन वेळी धावपळ होते. शिवाय पाळकांकडून एक शिफारसपत्र घे, की ही आमच्या पूर्ण सहभागितेतली सभासद आहे. ते तिथल्या पास्टरांना दे. सभासदत्व मिळो न मिळो, त्यांच्या फाइलला ते असू दे.

रंगावली_काठ

साक्ष मराठीत दिलीत तरी चालेल, पण सुरुवातीचा सलाम मावचीत केलात तर म्हाताऱ्या बाया खूश होतील. कसं म्हणायचं ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलंय. आणि जानेवारीत येणार असाल तर स्वेटर आणा, काठावर उभं राहायलाही थंडी वाजते.